सुट्टे

बिल्ला डेपोत जमा झाला. मशीन जमा झालं.
पिशवीकडं बघून साहेब म्हणाले,
ही काय घ्यायची बाई, राहू द्या.
म्हणून ती चामड्याची पिशवी
दोन वर्षं आमच्या दाराआड, खिळ्याला.
उन्हाळाभर तडकत,
भिंतीला तेलकट डाग देत.

मी खाली काढली तर आई म्हणाली,
"कामून काढलीस?"
पर्स शिवते, म्हटलं. तुला.
"मला कशाला पर्स?
मला आता कुठं जायचंय."

उसवायला बसले. ब्लेडनं, एकेक टाका.
तोंडाजवळचं चामडं काळं, मऊ, तिच्या बोटांनी घासलेलं.
आतलं अजून पिवळं,
ऊन न लागलेल्या पाठीसारखं.
तळाच्या शिवणीत बोट घातलं
तर नखात रंग आले:
गुलाबी, हिरवे, मोहरीएवढे कागदी ठिपके.
मशीन यायच्या आधीचे,
पंचनं तिकिटांतून पाडलेले.
तिकिटं गेली आपापल्या गावाला,
दैठणा, पोखर्णी, इसाद.
भोकं इथं राहिली.

बाजूंना तिचा खाकी ड्रेस.
डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत
पट्ट्यानं घासून पडलेली एक फिकी वाट.
तो तुकडा आधी टाकून दिला,
मग उठून परत आणला
आणि ती वाट पुढच्या बाजूला घेतली.

अस्तराला ब्लाऊजपीस.
हिरवा, पातळ, नावाला जर,
कुणीच कधी न शिवणारा.
प्रयागमावशीनं ओटीत घातलेला,
आईनं इसादच्या वास्तुशांतीला दिलेला,
तिथून कुणाकुणाच्या ओटीतून फिरून
संक्रांतीला आमच्याच घरी उतरलेला.
कोपऱ्यावर बॉलपेनची फुली होती, आईनंच केलेली,
म्हणून ओळखू आला.
कात्री लावताना म्हटलं,
उतरा. शेवटचा स्टॉप.

घरच्या मशीनवर दोन सुया मोडल्या,
सोळा नंबरची, मग अठरा.
तिसरी लावायचा धीर झाला नाही.

स्टँडच्या गेटजवळ ग्यानोबामामा बसतात.
त्यांनी चामडं नाकाशी नेलं, उलटं केलं,
कडीपाशी थांबले.
"हा टाका माझाय.
ही कडी मी चारदा बसवली.
लई कडक बाई.
पालमच्या बाजारातून येताना
माझ्या कातड्याच्या गठ्ठ्याचं लगेज फाडलं तिनं.
साडेसात रुपये!
म्हनलं, बाई, रोज तुमची चप्पल शिवतो,
तर म्हनली, चप्पल तुम्ही शिवता,
गठ्ठा काय शिवतो?"

आरी आत गेली, दोरा घेऊन आली.
दोन्हीकडून ओढताना
अंगठ्यावर पांढरी रेघ उमटायची, जायची.
खाकी, चामडं, जर, तिघं एकाच भोकातून.
नांदेडची गाडी वळली, धूळ आली,
त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा आरी.

किती झाले?
"साडेसात."
मी हसले. ते नाही.
दहाची नोट पुढं केली.
"सुट्टे द्या," म्हणाले,
आठ आणे आता कुठून आणू, मामा?
तेव्हा त्यांनी पाकिटाचा पुठ्ठा फाडला,
कानावरची पेन्सिल काढली,
काहीतरी लिहून पर्समध्ये टाकलं
आणि नोट मांडीखाली घातली.

आईनं पर्स उघडली नाही लगेच.
आधी शिवण ओढून बघितली,
मग कडी, मग अस्तर.
"हे प्रयागचं की," म्हणाली, "मेलं अजून जिवंत आहे."
मग आत हात घातला. पुठ्ठा निघाला.
बाकी अडीच. मागून घेणे.

तिनं तो दोनदा वाचला.
पर्स डाव्या खांद्यावर गेली, आपोआप,
पाय जरा फाकले,
पाठ कपाटाला टेकली,
स्वयंपाकघर दैठण्याच्या वळणावर असल्यासारखी.

मग चपला शोधायला लागली.
ऊन आहे, आई. कुठं निघालीस?
"अडीच रुपये आणायला."